आधी दुसऱ्याचे पान : पंडिता रमाबाई

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आणि तीत मीही काहीतरी लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन शहागडास आले, त्यानंतर लेखणी हाती धरली ती किराण्याची यादी करण्यापुरती. पण ताई काही ऐकेनात. निदान एखादा पदार्थ तरी लिहून दे म्हणाल्या. मी विचार केला, शेंगदाण्याची चटणी काय, सगळ्यांनाच येते. त्यापेक्षा गेले वर्षभर ज्या बाईने माझ्या मनात घर केले आहे, तिच्याविषयीच माझ्या अल्पमतीप्रमाणे चार शब्द लिहावेत. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांना जाऊन शंभर वर्षे उलटून गेली.

त्यांची आणि माझी ओळख कशी झाली हे सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगावी लागते. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे आमंत्रण देण्याचे काम आमच्या आळीत माझ्याकडे होते. मी घरोघर गेले. एका घरावरून मात्र पुढे निघून गेले. त्या घरातल्या सुनेचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. तिला वगळ असे मला कोणी सांगितले नव्हते. पायच आपोआप पुढे गेले. दारात तिची लहान मुलगी नवा झगा घालून उभी होती. काकू आपल्याकडे येणार म्हणून ती हसली आणि मी नजर चुकवून शेजारच्या दारात शिरले. त्या दिवशी मी पंचवीस बायकांना वाण दिले, पण रात्री झोप काही लागली नाही.

त्याच उन्हाळ्यात बहिणीकडे जाण्याचा योग आला. माझी धाकटी बहीण दौंडला दिली आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना रेल्वेवर केडगाव स्टेशन लागते. तिच्या शेजारणीबरोबर आम्ही तेथील मुक्ती मिशन पाहायला गेलो. मोठे चर्च, झाडांच्या सावल्या, राहण्याच्या इमारती. हे सारे एका विधवा बाईने उभे केले, असे शेजारणीने सांगितले. विधवा हा शब्द ऐकला आणि मला आमच्या आळीतले ते दार आठवले. घरी परतल्यावर मुलीकडून वाचनालयातले रमाबाईंचे चरित्र मागवून घेतले. दुपारची भांडी आवरली की दहा-दहा पाने वाचत गेले. पुस्तक संपले तरी बाई काही मनातून जाईनात.

रमाबाईंची कथा सुरू होते ती आपल्याच गोदामाईच्या काठी. एक यात्रेकरू ब्राह्मण बायको आणि दोन लहान मुली घेऊन तीर्थयात्रेला निघाला होता. वाटेत गोदावरीत स्नान करताना त्याला अनंतशास्त्री डोंगरे नावाचे विद्वान गृहस्थ भेटले. ते चाळिशी ओलांडलेले आणि विधुर. कुळगोत्राची विचारपूस झाली, तासाभरात सोयरीक ठरली आणि दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न लागले. अनोळखी माणसाबरोबर ती पोर शेकडो कोस दूर कर्नाटकात गेली. आज आपण पुलावरून गाडीने जाताना नदीला हात जोडतो. तीच ही नदी. तिने अशी किती लग्ने पाहिली असतील!

त्या मुलीचे दैव मात्र बरे. अनंतशास्त्र्यांनी पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरची स्त्री संस्कृत शिकते हे पाहिले होते. आपल्या बायकोलाही शिकवायचे असा त्यांनी निश्चय केला. लोक खवळले, धर्मपंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला, तरी ते ढळले नाहीत. शेवटी माणसांची कटकट नको म्हणून सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असतानाच घर मोडले आणि सारे कुटुंब यात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावरून नेत असत. गावोगाव देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर राहायचे, असा संसार. पहाटे काम सुरू होण्याआधी आई लेकीला उठवून जवळ घेई आणि संस्कृत शिकवी. पुस्तके नाहीत, पाटी नाही. रमेला हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

पुढे दुष्काळ आला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी गेली, अंगावरचे किडूकमिडूक गेले. भीक मागण्याची सवय नाही आणि मजुरी कधी केलेली नाही, अशा लोकांचे दुष्काळात फार हाल होतात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगतात. खडी फोडायला जायचे, सुकडी खायची, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण आत्याबाईंना निदान खडी फोडायचे काम मिळाले. डोंगरे कुटुंबाने झाडपाला आणि रानातली फळे खाऊन दिवस काढले. १८७४ साली तिरुपतीच्या बाजूला वडील गेले. नंतर आई रायचूरला अंथरुणाला खिळली. रायचूर हे आपल्या शहागडासारखेच तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आईसाठी तुकडाभर भाकरी मागायला सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी गेली, पण दारात उभे राहून तिच्या तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने तिचा चेहरा पाहून आपणहून भाकरी दिली. आईला मात्र ती गिळता आली नाही.

आई गेली तेव्हा तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन माणसे कशीबशी तयार झाली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याचा आणि चौथी रमा. ती अंगाने ठेंगणी, खांद्याला तिरडी पुरेना. म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला आणि तशीच तीन मैल चालत गेली. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. चुलीपुढे बसूनही मला तेच दिसत होते.

त्यानंतर थोरली बहीणही गेली. उरले भाऊ-बहीण. दोघे पायी हजारो मैल फिरले, थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. थंडीत पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून त्यात निजायचे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. १८८१ साली मनोरमा झाली. आता बाईंना सुख लागले असे वाचणाऱ्याला वाटते, तोच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी कॉलऱ्याने पती गेले. पदरात वर्षाच्या आतले मूल आणि वय अवघे तेवीस.

भगिनींनो, येथे थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. ज्या बाईचे आई, वडील, भाऊ, बहीण, पती असे सारे गेले, तिने आधी स्वतःचे पाहिले असते तर तिला कोणी नावे ठेवली नसती. विद्या होती, पदवी होती, मानसन्मान होता. तान्ह्या मुलीला घेऊन त्या आपल्यापुरत्या सुखाने राहिल्या असत्या. पण पुण्यास येताच त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचा आयोग नेमला होता, त्यापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका शिक्षक हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा बाई पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नसे आणि दुखणे अंगावर काढून मरून जाई.

आपणच डॉक्टर व्हावे म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च बराचसा आपल्या स्त्रीधर्मनीती या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. वाँटेज या गावी सेंट मेरीच्या सिस्टरांच्या आश्रमात त्या राहत. त्या सिस्टरांचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक घर होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे सांभाळत. रमाबाईंनी ते घर पाहिले. ज्या बाईला आपल्याकडे कोणी उंबऱ्यात घेणार नाही तिला येथे न्हाऊ-माखू घालतात, काम शिकवतात आणि तिच्याशी बहिणीसारखे बोलतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. असे तुम्ही का करता, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. तेव्हा येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट त्यांच्या वाचनात आली. हलक्या मानलेल्या जातीची, गावाने नावे ठेवलेली बाई भर उन्हात पाण्याला आली होती. येशूने तिला टाळले नाही. तिच्याजवळच पाणी मागितले आणि तिच्याशी आदराने बोलला. ख्रिस्ती धर्मात गुरूने शिष्यांचे पाय धुतल्याचीही गोष्ट आहे. जो मोठा त्याने सेवा करायची, अशी ती शिकवण. रमाबाईंना ती पटली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट आपल्या पुष्कळ मंडळींना रुचत नाही, हे मी जाणते. मी स्वतः वारकरी घरातली. नाथषष्ठीला पैठणला जाणारी. आत्याबाईंना हे सारे वाचून दाखवले, तेव्हा धर्म सोडला ते काही बरे केले नाही, असे त्या म्हणाल्याच. मीही वाद घातला नाही. पण नाथांची गोष्ट त्यांनीच मला सांगितलेली आहे. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल नाथांनी कडेवर घेतले आणि काशीहून आणलेले गंगेचे पाणी तहानेल्या गाढवाला पाजले. मी एवढेच म्हटले, आत्याबाई, त्या वाळूत रमाबाई असत्या तर त्यांनीही तेच केले असते. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुढचे काय झाले ते वाच म्हणाल्या.

बाईंचा स्वभाव मेणाचा नव्हता बरे. ख्रिस्ती झाल्या तरी वरिष्ठ सांगतील ते डोळे मिटून मानायचे, हे त्यांना कधी जमले नाही. धर्माच्या गोष्टींतही त्या प्रश्न विचारीत. आपला शाकाहार त्यांनी सोडला नाही, साधी पांढरी साडी सोडली नाही. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला. पुढे तेथे बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणे केली आणि हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या काळात छोट्या मनोरमेला काही दिवस इंग्लंडात सिस्टरांकडे ठेवावे लागले. आईच्या मनाला काय वाटले असेल, ते आपण बायका ओळखू शकतो. दुसऱ्याला पहिले पान वाढायचे तर आपल्या लेकराचे पान थोडे मागे सरकते, हा या कामातला सगळ्यांत अवघड भाग मला वाटतो.

बोस्टन शहरातल्या लोकांनी रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. विधवा मुलींनी येथे राहायचे, शिकायचे आणि आपल्या पायावर उभे राहायचे. मुलींना आपले जातधर्म पाळायची मोकळीक होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा होती. याच गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि पुढे अण्णासाहेबांनी पुण्याजवळ हिंगण्याला विधवांचे केवढे मोठे कार्य उभारले! एका सदनात लावलेल्या दिव्याने दुसरा दिवा असा लागला.

१८९० साली सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली आपणहून जाऊन बसत. बाई मुलींना बाटवतात अशी हाकाटी झाली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून माझे मत असे झाले, की पालकांची भीती खोटी नव्हती, कारण काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. पण हेही खरे, की ज्या पालकांनी मुली नेल्या त्यांतल्या कितीकांनी घरी नेऊन त्यांना शाळेत घातले असेल? रमाबाईंना चहूकडून बोलणी बसली. तरी त्यांनी सदनाला कुलूप लावले नाही. राहिल्या त्या मुलींना घेऊन काम चालू ठेवले.

मग १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात लोक अन्नावाचून मरत असल्याची बातमी आली. आपण रायचूरला भाकरी मागायला गेलो होतो ते दिवस बाईंना आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुली आणि तरुण विधवा यांना फसवून नेणारे लोक दुष्काळी छावण्यांभोवती घिरट्या घालताना त्यांनी पाहिले. बाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आपल्याबरोबर आणल्या. अंगावर चिंध्या, केसांत उवा, हाडांचा सापळा झालेल्या, कित्येक आजारी. याच वेळी पुण्यात प्लेग सुरू झाला आणि बाहेरची माणसे शहरात आणून ठेवायला सरकारने मनाई केली. केडगावला बाईंनी आधी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर त्यांनी तंबू आणि छपऱ्या उभारल्या आणि सगळ्यांना तेथे नेले. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची विटंबना होते हे दिसताच त्यांनी सरकारविरुद्धही वर्तमानपत्रात लिहिले. सरकारची नाराजी पत्करली, पण गप्प बसल्या नाहीत.

शारदा सदनातल्या जुन्या मुली या नव्या मुलींच्या सेवेला लागल्या. काल ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या आज दुसऱ्याची वेणीफणी करू लागल्या. या घराला मुक्ती सदन हे नाव मिळाले आणि सप्टेंबर १८९८ मध्ये त्याचा समर्पण समारंभ झाला. १९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आणल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसे! आपल्याकडे लग्नात पाचशे पाने उठवायची तर आठ दिवस आधीपासून आपली धांदल उडते. तेथे रोज दोन वेळा पंगत होती.

ही पंगत नुसत्या दानावर चालली असती तर लवकर मोडली असती. बाईंनी विहिरी खणल्या, शेती आणि भाजीपाला केला, गाई पाळल्या. मुली माग चालवू लागल्या, तेलाचा घाणा चालवू लागल्या, शिवण शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध बायकांसाठी वेगळे घर. शिकून मोठी झालेली मनोरमा १९०० च्या सुमारास परत आली आणि आईचा उजवा हात बनली. तिने अंधांची ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. पुढे निजाम राज्यात गुलबर्ग्यालाही मनोरमाबाईंनी मुलींची शाळा चालवली.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. बायबलाचे मराठी भाषांतर त्यांना अवघड वाटे. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत ते यावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक या जुन्या भाषा शिकल्या. विसाव्या वर्षी संस्कृत पंडितांच्या परीक्षेला उतरलेली बाई सातवी शिकलेल्या माझ्यासारखीसाठी पन्नाशीत नव्या भाषा गिरवीत बसली! या कामात पुष्कळ वर्षे गेली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. एकुलती एक लेक गेली, तरी आईने काम टाकले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला. ते पुस्तक त्यांच्यामागून तेथल्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापून निघाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे काम आजही चालू आहे.

आता थोडे आपल्याविषयी. दुसऱ्याला आधी आणि स्वतःला नंतर, हे बायकांना काय शिकवायचे, असे कोणी म्हणेल. आपण तर जन्मभर तेच करतो. घरात सगळ्यांची जेवणे झाली की तव्यावरची शेवटची भाकरी आपली. माझ्याही मनात हाच विचार आला होता. पण रमाबाईंचे जीवन वाचून मला त्यातला फरक कळला. आपण मागाहून जेवतो ती रीत आहे, तीत आपल्याला कोणी विचारलेले नसते. आणि पहिले पान जाते ते आपल्याच माणसांना. रमाबाईंनी पहिले पान वाढले ते ज्यांचे कोणी नव्हते त्यांना, तेही आपल्या मनाने, त्याची किंमत समजून. शिवाय त्यांना उपकाराखाली ठेवले नाही. हातात काम दिले, विद्या दिली आणि उद्या तूही दुसऱ्याला वाढ, अशी सवय लावली. ख्रिस्ती लोक याला सेवा म्हणतात, आपण परोपकार म्हणू. नावाने काय होते!

माझ्या चुकीचे पुढे काय झाले तेही सांगते. पुस्तक संपल्यावर मी धीर करून त्या घरी गेले. मागच्या संक्रांतीला चुकले, असे तिला सरळ सांगितले. ती रागावली नाही. चहा केला, इकडचे तिकडचे बोलली. या संक्रांतीला मी पहिले आमंत्रण तिच्या दारी दिले. ती स्वतः आली नाही, मुलीला पाठवले. मला थोडे वाईट वाटले. मग मनात आले, दोन वर्षे आपण सगळ्यांनी तिला दाराबाहेर ठेवले, तर तिने एका आमंत्रणाने उठून का यावे? पुढच्या वर्षीही पहिले आमंत्रण तिलाच देईन. त्याच्या पुढच्या वर्षीही.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. हळदीकुंकू असो, भिशी असो, सहल असो, आपल्या गावातली एकही बाई नवरा नाही म्हणून वगळली जाऊ नये. नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नसलेली, कोणीही असो. आमंत्रणाची यादी करायला बसू तेव्हा त्यांची नावे वर लिहावीत आणि आपली खाली. यासाठी शंभर एकर जमीन लागत नाही की परदेशी जावे लागत नाही. दोन घरे ओलांडून जावे लागते, एवढेच. मला ते जमायला वर्ष लागले.

लिहिण्यात चूकभूल झाली असल्यास भगिनींनी माफ करावी.